एका भाकरीवरची बय

मी आज जो काही आहे तो काशीबाईमुळे आहे. ती माझी थोरली चुलती. आमच्या आगरी लोकांत आईला बय म्हणतात आणि मीही तिला बयच म्हणत असे, कारण माझी जन्मदाती आई मला आठवत नाही. पेणपासून दोन कोसांवर, धरमतरच्या खाडीला लागून आमचा पाडा होता. त्या पाड्यात बयएवढे अंग कुणाचेच नव्हते. घराच्या दारातून ती अंग तिरपे करून आत येई. तरीही तिच्याइतके हलके चालणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

तिला तसे चालावेच लागे. मिठागरातले मीठ न्यायला भरतीच्या वेळी शिडाचा मचवा बांधाला लागत असे. बांधापासून मचव्यापर्यंत एक फळी टाकत आणि बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन तिच्यावरून ये-जा करत. फळी हातभरही रुंद नसे. बय पाटीला हात लावत नसे. दोन्ही हात मोकळे, नजर समोर. चिखलात मीठ ओढणाऱ्या बाईपेक्षा फळीवरच्या बाईला मजुरी जास्त मिळे, आणि त्या जास्तीच्या मजुरीवर माझी शाळा चालली होती. माझा बाप आणि चुलता एकाच साथीत गेले. पाड्यातला एकही मुलगा तोवर चौथीपुढे गेला नव्हता. बय म्हणायची, "तुझी शेवटची परीक्षा होईस्तर मी फलीवर. मंग फली मोडो नायतर ऱ्हावो."

सन एकोणतीस-तीसच्या सुमारास, मी पेणला इंग्रजी सहावीत असताना, तिचे अंग भराभर वाढू लागले. आधी पाय, मग पोट, मग सकाळी उठली की डोळ्यांखालीही. बायका बांधावर उभ्या राहून फळी किती वाकते ते बघत. एकदा मीठ तोलून झाल्यावर मुकादमाने हसत हसत तिला काट्याच्या पारड्यात बसवले आणि दुसऱ्या पारड्यात मिठाच्या गोणी रचल्या. सगळे आगर हसले. बयही हसली. उतरल्यावर तिने लुगडे झटकले आणि पाटी उचलली. मुकादम मात्र हसणे थांबवून म्हणाला, "काशे, फळी मोडली तर मचवेवाला मला धरेल. अशीच फुगत राहिलीस तर एक दिवस चिखलात घालीन तुला."

तेव्हापासून बयने खाणे सोडायला सुरुवात केली. आधी भात सोडला. मग मासळी सोडली, आणि खाडीकाठच्या बाईने मासळी सोडणे म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. पेणच्या वैद्याने सांगितले म्हणून सकाळी कोमट पाण्यातून मध घेतला. कुणी सांगितले म्हणून सोमवार धरले, मग शनिवारही धरले. अंग काही कमी होईना. ती हात पालथे करून म्हणायची, "माझा आंग माझा ऐकत नाय, तं कोनाचा ऐकंल?"

लोकांना ते पटण्यासारखे नव्हते. न खाता माणूस फुगते कसे? शेजारची ठमाबाई पाण्याच्या निमित्ताने घरात येई आणि मडक्यांवरची झाकणे उघडून बघे. "वाऱ्यावर कोन फुगतंय गो, काशे?" असे एकदा तिने भर पाणवठ्यावर विचारले. बय म्हणाली, "शीड फुगतंय ना? तसाच." बायका हसल्या. त्या दिवसापासून मात्र बयने घराचे दार दिवसभर सताड उघडे ठेवले. चूलही ओट्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडली. एकटीने जेवायची नाही, कुणीतरी बघत असेल तरच घास घ्यायचा, असा तिने नेमच केला.

मी मॅट्रिक होऊन मुंबईला कॉलेजात गेलो. तिथे आरोग्यावर एक व्याख्यान ऐकले. जास्त खाल्ल्यानेच माणूस लठ्ठ होते, दुसरे कारण नाही, असे व्याख्याते म्हणाले होते. सुट्टीत घरी आल्यावर मी कोळशाने भिंतीवर बयचा आहार लिहून काढला: सकाळी एक भाकर, मीठ आणि मिरची, संध्याकाळी कुळथाचे पाणी, बाकी काही नाही. भूक असह्य झाली तर काय, असे तिने विचारले. नंतर आपणच सांगितले, "मिठाचा खडा जिभेवर ठेवते न् वर पानी पिते. भूक मरते." मी म्हणालो, फार चांगले, तसेच कर. तिला वाचता येत नव्हते, पण येताजाता ती त्या भिंतीला हात लावून पुढे जाई.

दर सुट्टीत मी काथ्याच्या दोरीने तिची कंबर मोजत असे आणि दोरीला गाठ मारत असे. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीच्या पुढेच पडली. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत माझा धीर सुटला. मी म्हणालो, "बय, खरे सांग. तुला चोरून खायला कोण देते?"

तिने दोरीच्या गाठींवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "तू शिकलेला. तुझी दोरी खोटी कशी बोलंल? मीच खोटी असंन."

दुसऱ्या दिवसापासून तिने अर्धी भाकर खायला सुरुवात केली. उरलेली अर्धी ती माझ्या देखत कोंबड्यांना टाकत असे. मी ते पाहिले आणि मनात म्हणालो, आता गुण येईल. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात असताना मुकादमाने तिला फळीवरून उतरवले. फळी मोडली नव्हती. बयला धाप लागली आणि ती मधोमध थांबली; मागच्या सहा बायका पाट्यांसह तिच्यामागे खोळंबल्या. मुकादम ओरडला नाही. त्याने तिच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरून घेतली, आणि बय सांगायची की तेच तिला जास्त लागले. पुढचा सबंध हंगाम तिने वाफ्यात, पिंडरीभर खारट पाण्यात उभी राहून मीठ ओढले. मजुरी कमी झाली, तरी माझी फी एकदाही चुकली नाही. घरातली पितळी भांडी त्याच वर्षी दिसेनाशी झाली. ठमाबाई म्हणाली, विकून खाल्लीन.

मी पास झालो. मुंबईच्या एका शाळेत मला जागा मिळाली. पहिला पगार हाती येताच मी बयला लाँचने मुंबईला आणले आणि एका मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. तिथे खळगा पडला आणि तो तसाच राहिला. त्यांनी तिची लघवी तपासली, छातीला नळी लावली आणि मला बाजूला न घेता तिच्यासमोरच सांगितले.

"ही चरबी नाही. अंगात पाणी साठले आहे. बाईंचे मूत्रपिंड कित्येक वर्षांपासून बिघडलेले दिसते. खातात काय?"

मी सांगितले: अर्धी भाकर, मिरची आणि मीठ. डॉक्टरांनी विचारले, मीठ किती? बयने ओंजळ करून दाखवली.

आमच्या पाड्यात मीठ कुणी मोजत नसे. ते पदराला बांधून घरी येई, मुले कैरीबरोबर मूठमूठ खात. तांदूळ, तेल, मासळी हे खाणे. मीठ खाण्यात धरलेलेच नव्हते. वैद्याने जे जे बंद केले, शेजारणींनी जे जे सोडायला लावले आणि मी भिंतीवर जे जे वर्ज्य केले, त्यात मीठ कुठेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात मीठ पाण्याला धरून ठेवते. हिला मीठ तोडायला हवे होते आणि अन्न द्यायला हवे होते. आता फार उशीर झाला आहे.

उशीर झाल्याचे बयनेही ऐकले. ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "म्हंजे दाक्तर, मी चोरून खात नव्हते, असाच ना?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बयनेही माझ्याकडे पाहिले. मी तिचा हात धरून तिला जिना उतरवला.

ती मुंबईत राहीना. आपल्या घरी मरू दे म्हणाली. पाड्यातले एक कुटुंब परत जात होते, त्यांच्याबरोबर मी तिला लाँचवर बसवून दिले आणि शाळेत गेलो. आठ दिवस मी तिच्या प्रश्नाचे उत्तर जुळवत होतो. मग पत्र लिहिले. गावच्या मराठी शाळेतल्या गुरुजींनी ते तिला वाचून दाखवले. त्यानंतर बाराव्या दिवशी बय गेली. गुरुजींनी ते पत्र मला परत दिले, म्हणून इथे जसेच्या तसे उतरवतो.

"तीर्थस्वरूप गं. भा. बय हिचे चरणी बाळारामाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

दवाखान्यात तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी गप्प राहिलो. बय, तू चोरून खात नव्हतीस. एकही दिवस खाल्ले नाहीस. तू उपाशी होतीस आणि आजारी होतीस. तू खरे बोलत होतीस आणि मी, तुझ्या अन्नावर शिकलेला, तुला खोटी म्हणालो. मी सांगितलेले चुकीचे होते. त्यानेच तुझे दुखणे वाढले. याची क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मागत नाही.

गुरुजींना माझी विनंती आहे की हे पत्र घरात वाचू नये. बाहेर ओट्यावर बसून, मुकादमांना आणि ठमाबाईंना बोलावून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असे वाचावे.

या पत्राबरोबर मनिऑर्डर केली आहे. त्यातून तांदूळ आण. ताजी मासळी आण. मीठ अजिबात घालू नकोस, बेचव लागेल, तरी घालू नकोस. दार लावून घे, बय, आणि कुणी बघत नसताना पोटभर जेव.

तुझा,
बाळाराम"