दोनदा मागितलेलं पाणी

मुलगी बघायला गेलं की तहान नसली तरी दोनदा पाणी मागायचं, असा आमच्या घराण्यात रिवाज आहे. पहिल्या वेळी मुलगी येताना नीट दिसते, दुसऱ्या वेळी जाताना. चालीत खोट असेल तर ती दुसऱ्या पेल्यापर्यंत लपत नाही, हा माझ्या आत्याचा सिद्धान्त. आत्या ऐंशीची आहे. झाशीतल्या जुन्या मराठी घरांतली कितीतरी लग्नं तिने अशी पाणी पिऊन जमवली, आणि तितकीच मोडली. लक्ष्मी गेटजवळच्या घरात ती, मी, माझा भाऊ आणि त्याचा मुलगा असे आम्ही चौघं राहतो.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी उत्क्रांतीच्या धड्याला मी वटवाघूळ आणि पक्षी शेजारीशेजारी फळ्यावर काढते. दोघंही उडणारे. पण वटवाघळाचा मागचा पाय पंखाच्या कातडीला जोडलेला. पंखात काही बदल करायचा तर पायालाही विचारावं लागतं. पक्ष्याचे पाय पंखांपासून सुटे आहेत. म्हणून बगळा पाण्यात उभा राहिला, बदक पोहू लागलं, घारीने पंजे कमावले आणि शहामृगाने तर उडणंच सोडून दिलं. वटवाघळांचे प्रकार पुष्कळ, पण घडण पाहिली तर सगळी एकमेकांच्या आसपासच. प्राण्याला कसं हलता येतं यावर त्याच्या वंशाला पुढे काय काय होता येईल हे बरंचसं ठरतं, असं मी सांगते. पोरं ते उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

हे सांगत मी फळ्याकडून टेबलाकडे जाते तेव्हा माझा डावा पाय जरा बाहेर फेकला जातो आणि कंबर एका बाजूला झुकते. लहानपणी मी पेरूच्या झाडावरून पडले, असं घरात सांगतात. मी जन्मात कुठल्या झाडावर चढलेली नाही. माझे वडील असेच चालायचे, भाऊ असाच चालतो, भाचा थोडासा, आणि आत्या सगळ्यांत जास्त. पण घरात सगळेच तसे चालत असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. आत्याला तर स्वतःचं अजिबात नाही. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि नंतर चार-सहा घरांतच सोयरिकी फिरत राहिल्या. वटवाघळांना नावं ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही.

भाचा तेहतिशीला आला. जुन्या घरांत मुली उरल्या नव्हत्या, तेव्हा शहराबाहेरच्या एका सरकारी कंपनीच्या कॉलनीतलं एक स्थळ आलं. वडील इंजिनिअर, मूळचे महाराष्ट्रातले. मुलगी छावणीतल्या शाळेत शिकवते. गणपतीच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली होती आणि भाच्याच्या मनात ती पक्की बसली होती. निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बुआ, प्लीज, यहाँ कुछ गड़बड़ मत होने देना." त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

क्वार्टरची बैठक लांबलचक होती. आत्या खूश झाली. पोहे झाले, आत्याने पाणी मागितलं. मुलगी आली. थोड्या वेळाने आत्याने पुन्हा पाणी मागितलं. मुलगी आली आणि गेली. सरळ, हलकी, कुणाच्याही नजरेची पर्वा न करता. आत्याने माझ्याकडे पाहून पसंतीची मान हलवली. लाज वाटते सांगायला, पण माझीही नजर त्या मुलीच्या पावलांवरच होती.

मग मुलीची आई भाच्याला गोड आवाजात म्हणाली, "गाडी जरा पुढे घेता का? दूधवाल्याला अडचण होते."

दूधवाला सकाळीच येऊन गेला असणार. भाचा उठला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा त्याच्या पावलांवर होत्या. आम्ही आत शिरताना त्या बाईंनी मलाही पाहिलं होतं, भावालाही, आत्यालाही. आमचाच डाव त्यांनी पाण्याशिवाय साधला होता.

मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला. "मॅडम, तुमचा हा पाय..."

"पेरूवरून पडली होती," आत्या लगेच म्हणाली. "लहान होती जी, फार खोडकर."

"आणि मुलगाही पेरूवरूनच पडला का?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही हेच शिकवता. खरं सांगा, हे पुढच्या पिढीत उतरतं का?"

भाचा खाली मान घालून बसला होता. पेरूचं झाड मला समोर दिसत होतं. त्यावरून पडले, एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मभर वर्गात एक सांगून बैठकीत दुसरं सांगणं मला जमेना.

"उतरू शकतं," मी म्हणाले. "माझ्यात वडिलांकडून आलं. याच्यात थोडं आहे. आत्यात सगळ्यांत जास्त आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच स्वतःच्या पायांकडे.

लग्न मोडलं असं धरून मी दोन दिवस त्याच्यासमोर जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी होकार आला. मुलगीच म्हणाली होती म्हणे, की जिथे असल्या गोष्टी तोंडावर सांगतात त्या घरात राहायला सोपं जाईल. भाच्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, नेमका डाव्याला. मला हसू आलं आणि रडूही.

लग्न थाटात झालं. आत्या दारापाशीच्या खुर्चीवर सकाळपासून बसली ती शेवटपर्यंत उठली नाही. त्या बैठकीपासून ती भिंतीला धरून चालते. ऐंशी वर्षं जिने कुणाला न विचारता पावलं टाकली, ती आता समोर पाहुणा असला की चालायचंच टाळते. "फार दिसतं का गं?" असं ती मला विचारते. "मुळीच नाही," मी सांगते. जे त्या दिवशी बैठकीत जमलं नाही ते आता मला रोज जमतं.

परवा सुनेने मला विचारलं, "आजी स्वयंपाकघरात येतच नाहीत का?" मी काहीतरी थाप मारली. तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्याने पाणी मागितलं. सून पेला घेऊन गेली, आली. आत्या तिच्याकडे बघतही नव्हती. तिला खरंच तहान लागली होती.