पारावर टाकलेली खूण

मुखेडच्या पंचायत समितीत संगणकापुढं बसणारी बुद्धप्रिया आईच्या खांद्यावर बसून शिकली, हे अगदी शब्दशः खरं. बोरगव्हाणची बौद्धवस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव आणि शाळा पलीकडे, चांगली दीड-दोन किलोमीटरवर. ओढा भरला की सरजाबाई लेकीला खांद्यावर घ्यायची आणि कमरेएवढ्या पाण्यातून पार करायची. दोघांना नेणं एकटीला जमेना, म्हणून थोरला आनंदराज घरी राहिला तो राहिलाच. आज तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो.

यंदा त्याच आनंदराजची उज्वला पहिलीत जाणार होती. तो आणि त्याची बायको पहाटेच कामावर जातात. म्हणजे पोरीला ओढा पार करून देणारी पुन्हा सरजाबाईच, आणि तिचे गुडघे तर कधीचेच गेलेले. वस्तीला स्वतःची शाळा हवी, हे मागणं जुनंच. त्याकडे लक्ष द्यायला मात्र कुणाला सवड नव्हती.

अशात नव्या शाळांच्या आराखड्याचं काम बुद्धप्रियाकडे आलं. उपग्रहाच्या नकाशावर प्रत्येक गावाची एक खूण टाकायची. खुणेपासून किलोमीटरभरात प्राथमिक शाळा नसेल तर तिथं नवी सुचवायची. खूण नेमकी कुठं टाकायची, हे कुणी विचारलं नाही. गाव म्हणजे मारुतीचा पार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बुद्धप्रियानंही गावोगावचा पार शोधला आणि खूण टाकली. काम झटपट उरकलं, साहेबांनी शाबासकी दिली.

रविवारी ती घरी गेली तेव्हा सरजाबाई म्हणाली, "दिसभर काय करून राहतीस तिथं? आपलं गाव दाव की मला."

बुद्धप्रियानं मोबाइलवर नकाशा उघडला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ धरला. "ह्यो मारुतीचा पार. बरोबर हाय. अन् ह्यो ओढा. आपण इकडं."

"आपल्या वस्तीची खूण न्हाई टाकली, आई."

"आपली कशाला आसंल? गाव तिथं हाय."

सरजाबाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच बुद्धप्रियाला सोसलं नाही. ज्या पारावर तिच्या आजाला कधी बसू दिलं नव्हतं, तसल्याच पारांवरून तिनं साऱ्या तालुक्याची अंतरं मोजली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सोमवारी तिनं रेवणसिद्ध स्वामी साहेबांना सगळं सांगितलं. माणूस भला. ते म्हणाले, "तुमच्या वस्तीची वेगळी खूण टाका. यादी आज जाते, जूनला शाळा सुरू होईल."

"आणि बाकीच्या वस्त्या, तांडे?"

"ते सगळं नव्यानं करायचं म्हणजे यादी पुढच्या वर्षावर गेली. तुमच्या घरचं लेकरू आहे, बघा बुवा."

साहेब खोटं बोलत नव्हते. एक खूण टाकली की उज्वलाची वाट कोरडी होत होती, आणि बुद्धप्रियाला कुणी नावंही ठेवली नसती. तिनं माउसवर हात ठेवला. आपली वस्ती तिला आईनं दाखवली म्हणून दिसली. इतरांची कोण दाखवणार होतं? शेवटी ती उठली आणि म्हणाली, "साहेब, यादी थांबवा."

संध्याकाळी तिनं आईला फोन लावला.

"आई, औंदा शाळा न्हाई व्हायची. व्हत व्हती, मीच थांबवली." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मग सरजाबाईनं विचारलं, "आपल्यावानी वस्त्या लई हायत व्हय गं?"

"लई हायत."

"मंग त्या बायाबी लेकरं खांद्यावरच नेऊन राहिल्या आसतील." ती म्हणाली, "समद्यांची खूण टाक. औंदा मी नेते उज्वलाला."

गुडघ्यांचं तिनं काही काढलं नाही.