ढवळीला मी भरवलेलं पुरण

महिनाभर मी दत्तासमोर बसले नव्हते. दिवा, उदबत्ती सगळं करायची, पण आसन टाकून जप करायला मन धजत नव्हतं. तसबिरीत दत्तामागे गाय उभी आहे, आणि एक गाय माझ्या हातून मेली होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नोकरी संपल्यावर मी देगलूरजवळच्या एका गोशाळेत सेवेला जाऊ लागले. आमच्या भागात आता ट्रॅक्टर आलेत, घरोघरच्या दावणी रिकाम्या झाल्यात, पण पोळा काही सुटलेला नाही. मग लोक पुरणपोळीची ताटं घेऊन गोशाळेत येतात. फाटकावर ती ताटं घ्यायचं काम माझं. ढवळी आमच्यातली सगळ्यांत म्हातारी गाय, मला पाहिलं की पदराला नाक घासायची. त्या दिवशी मी तिला पोळ्यांवर पोळ्या भरवत होते. गोठा सांभाळणारे सखाराममामा म्हणाले, "काकू, लई झालं आता. पुरण बाधतं जनावराला."

"वर्षाचा सण आहे मामा. नैवेद्यानं कुठं काही होतं का?" मी म्हणाले. आयुष्यभर लोकांना शहाणपण शिकवत आले, दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढवळी पोट फुगून आडवी पडली होती. डॉक्टर आले, त्यांनी पुष्कळ खटपट केली, पण नऊच्या सुमारास ती गेली. पुरण पोटात आंबलं, एवढंच ते म्हणाले. लोक मला समजावू लागले, सणाचा घास खाऊन गेली, भाग्याची. मामांनी माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सर्वपित्री अमावस्या जवळ आली तशी माझी झोप उडाली. पितरांच्या नावानं गायीला घास देतात, म्हणजे पुन्हा खीर, वडे, भात. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. फाटकाबाहेर पंधरा-वीस जण ताटं घेऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, दत्तगुरू, मला जमत नाही, तुम्हीच थांबवा.

तेवढ्यात कडब्याचा टेम्पो आला आणि ऐन फाटकात चिखलात रुतला. वाटच अडली. पांढऱ्या दाढीचे एक चाचा खाली उतरले. त्यांना मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. "माल उतरवल्याबिगर गाडी हलत न्हाई," ते म्हणाले. "ताटं जरा बाजूला ठिवा, अन् पेंढ्या हातोहात आत द्या."

लोकांनी ताटं भिंतीवर ठेवली आणि पेंढ्या आत जाऊ लागल्या. गायींनी लगेच तोंड घातलं. "बघा, कशा खाऊन राहिल्या," चाचा म्हणाले. "हेच त्यांचं जेवण."

नऊवारीतल्या एका आजींनी मला विचारलं, "मग बाई, माझ्या मालकाच्या घासाचं काय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "आजी, पोळ्याला आमची ढवळी पुरण खाऊन मेली. मामा नको म्हणत होते. मी भरवलं." आणि मला रडू आवरेना.

आजींनी ताटातली भाताची चार शितं उचलली, कडब्याच्या पेंढीवर ठेवली आणि पेंढी गायीपुढं धरली. "झाला घास," त्या म्हणाल्या. "त्यांना तरी कुठं खीर चालत होती? शुगर होती त्यांना." लोक हसले आणि मग एकेकानं तसंच केलं.

पाऊस होऊन गेला होता, टायर गुळगुळीत झाले होते, टेम्पो रुतणारच होता. मी वाद घालत नाही. मी मागितलं आणि वाट अडली, एवढं मला ठाऊक आहे. चाचा चहा पिऊन गेले. आपण काय केलं हे त्यांना कळलंही नसेल.

शरण जाणं म्हणजे सगळं देवावर सोडून मोकळं होणं, असं मी समजत होते. त्यानं गर्दी तेवढी थांबवली. चूक मात्र माझ्याच तोंडून वदवून घेतली, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. आता सणावाराला फाटकावर कुणी ताट आणलं की मी आधी सांगते, आमची एक गाय माझ्या हातून गेली. मग त्यांच्या हातात कडब्याची पेंढी देते.

परवा सखाराममामा म्हणाले, "काकू, आजून किती दिस सांगणार?"

मी म्हणाले, "ताटं येतील तोवर."