जबडा वासलेला बिबट्या

पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या सहवासात माझं अर्धं आयुष्य गेलं. संग्रहालयातली जुनी जनावरं दुरुस्त करायची, कसर लागलेलं कातडं वाचवायचं, हे माझं काम. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: हौशी शिकाऱ्यांइतकी भित्री जमात दुसरी नाही. यांना आपलं जनावर जबडा वासलेलंच हवं असायचं, मग ते झोपेत मारलेलं का असेना. चांगला कारागीर आधी मातीत एकेक स्नायू घडवायचा, मग त्यावर कातडं चढवायचा. पण गिऱ्हाइकाला स्नायूंशी काय देणंघेणं? प्लास्टरची लालभडक जीभ आणि सगळे दात दिसले की साहेब खूश.

काही वर्षांपूर्वी व्हाइटफील्डच्या एका बंगल्यातून मला बोलावणं आलं. घर आमच्यातलंच, कित्येक पिढ्या बंगळूरात मुरलेलं मराठी. मालक कुठल्याशा कंपनीत मोठा अधिकारी. दिवाणखान्यात आजोबांनी मारलेला बिबट्या जबडा वासून उभा होता. त्याचे दोन दात पडले होते, ते घरी ठरलेल्या एका पार्टीच्या आत बसवून हवे होते.

"नरभक्षक होता, मॅडम," मालक म्हणाला. "आजोबांच्या अंगावर झेप घेतली. आजोबांनी समोरून उडवला."

मी खाली बसून बघितलं. डोळे घरच्या मांजराचे बसवलेले, उभ्या बाहुलीचे. बिबट्याची बाहुली गोल असते, एवढंही कुणी बघितलं नव्हतं. पोटाखाली स्तन ओघळलेले. आणि गोळीच्या भोकाचे टाके होते ते मागच्या मांडीच्या वर.

"ही मादी आहे," मी म्हणाले. "पिल्लांना पाजणारी. आणि गोळी मागून लागली आहे. पळत असणार ती."

त्याला लाज वाटेल अशी माझी भाबडी समजूत. त्यानं क्षणभर विचार केला.

"मग ते भोक बुजवून टाका ना. पुढे छातीवर एक करता येईल?"

असला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते असं नाही, पण इतक्या उघडपणे कुणी बोललं नव्हतं. मी विचारलं, "वनखात्याचं मालकीपत्र आहे का याचं?"

"आजोबांच्या काळातलं आहे हो. त्याला कसलं पत्र?"

"मग मी याला हात लावणार नाही. तुम्हीही घरात ठेवू शकत नाही."

तो हसला. वरच्या लोकांशी ओळख असल्याचं सांगू लागला. तेवढ्यात आतून त्याची आई आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. सगळं तिनं ऐकलं होतं.

"नरभक्षक कसला," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्याच वर्षीची गोष्ट. तळ्यावर पाणी प्यायला आली होती. मामंजींनी जीपमध्ये बसून मारली. पिल्लं घरी आणली होती. मी बाटलीनं दूध पाजत होते. जगली नाहीत."

"अम्मा, आता हे कशाला?"

"इतकी वर्षं हिची धूळ मी पुसतेय, तू नाही. वनखात्याला फोन लाव. नाहीतर मी लावते." मग माझ्याकडे वळून, "बस गं, स्वल्प कॉफी घे."

"सरी, अक्का," मी कानडीतच होकार दिला आणि बसले. मालक मोबाइल घेऊन बाहेर गेला.

फोन शेवटी त्या आईनंच केला. काही महिन्यांनी वनखात्यानं ती मादी आमच्या संग्रहालयाच्या ताब्यात दिली. मी प्लास्टरची जीभ काढून फेकली, गोल बाहुलीचे डोळे बसवले. कातडं ओलसर कापडात ठेवून हळूहळू मऊ केलं आणि ओठ मिटवायला घेतले. एका बाजूनं फाटलं. सोमलाचं विष लावून वाळवलेलं जुनं कातडं, त्याच्याकडून किती अपेक्षा करणार? जेवढे मिटले तेवढ्यावर थांबले. आता ती नुसती बघत उभी असते. पाटीवर लिहिलंय: बिबट्या, मादी, तळ्याकाठी मारलेली.

मालकानं दिवाणखान्यात फायबरचा वाघ आणलाय म्हणे. बटण दाबलं की डरकाळी फोडतो. पार्टीत तोच नरभक्षकाचा किस्सा सांगतो, आता वाघाचा करून. आणि आमच्याकडे येणारे लोक मादीपुढे सेल्फी काढताना कुरकुरतात, "हिचे दातच दिसत नाहीत." मग स्वतःच जबडा वासून फोटो काढतात.

ती आई एकदा रिक्षा करून आली होती. काचेपुढे बराच वेळ उभी राहिली. तिनं फोटो काढला नाही.