मुठीला लावलेला कान

काल ड्रॉवर आवरताना वडिलांचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर हाती लागला. त्याला अजून ग्रीसचा वास येतो. वडील चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. टोक मशीनवर टेकवून मुठीला कान लावला की आत कुठलं बेअरिंग वाजतंय ते नेमकं सांगायचे. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भुलीने आतडी झोपलीत. ती जागी होऊन वारा सरला, की मगच खायला द्या." वारा काही सरेना. आई रोज कुरुळीच्या घरून पेजेचा डबा आणायची आणि तसाच परत न्यायची. तिसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर त्यांचा कामावरचा जोडीदार युनिफॉर्मवरच आला. वडिलांच्या टूलबॉक्समधला हाच स्क्रूड्रायव्हर त्याने खिशातून काढला, टोक रुमालात गुंडाळून अलगद त्यांच्या पोटावर टेकवलं आणि डोळे मिटून मुठीला कान लावला. अख्खा वॉर्ड माना उंचावून बघू लागला. "आवाज हाय राव! लाइन चालू झाली!" टाके धरून वडील हसायला लागले, आणि त्या हसण्यातच जे व्हायचं ते दणक्यात झालं. पलीकडच्या खाटेशी बसलेल्या आजींनी टाळ्या वाजवल्या. आईने डोळे पुसत डब्याचं झाकण उघडलं, तसा औषधांच्या वासात तांदळाच्या पेजेचा वास मिसळला. काल स्क्रूड्रायव्हर बघताच वडिलांनी सदरा वर केला. "लाव कान, बघ काय म्हणतंय." आत झकास गुरगुरत होतं. मी स्वयंपाकघरात हाक मारली, "आई, वाढ गं, लाइन चालू आहे!"