थांबवलेले डोळे

माझा थोरला भाऊ लिव्हर खराब होऊन गेला तेव्हा वडिलांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "माझं कापून याला लावता येणार नाय का?" डॉक्टर म्हणाले, "परदेशात मेलेल्या माणसाचं लिव्हर बसवतात. आपल्याकडे अजून नाही. आणि हृदय थांबलं की लिव्हर लगेच खराब होतं. डोळे तेवढे पाच-सहा तास टिकतात."

ते वाक्य वडिलांनी गाठीला बांधलं. त्याला कारण आत्या. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळ्यांत फुलं पडून तिची नजर गेली. वडिलांनी तिला एकदा मुंबईला दाखवलं होतं. बुबुळ मिळालं तर बघू, असं सांगून तिला परत पाठवलं. बुबुळ कधी मिळालंच नाही. "मी मेलो की माझे डोळे द्यायचे गं," वडील मला जेवताना सांगायचे. मी ताटावरून उठून जायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कडावला आमच्या घरी सकाळी वडील गेले. मी रडणं बाजूला ठेवून बाजारातल्या दुकानात पळाले, डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. दुपारच्या आत डोळ्यांचे डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन जीपनं दारात हजर. एवढं वेळेवर आमच्याकडे कधी कोणी आलेलं मला आठवत नाही.

आणि माझे थोरले काका उंबऱ्यात आडवे उभे.

"डोळं काढलं तर पुढल्या जन्मी आंधळा यील त्यो."

माझं डोकंच फिरलं. छप्पन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो तेव्हा याच काकांनी घरातले देव नदीत सोडले होते. पिंड गेले, कावळा गेला, तेरावं गेलं. मग हा पुढचा जन्म कुठल्या माळ्यावर झाकून ठेवला होता? मी तसं तोंडावर विचारलं. काका म्हणाले, "तुला काय कळतं? पोरगा असता तर त्याला इचारलं असतं." पोरगा मेला होता. मी जिवंत होते, हाच बहुतेक माझा गुन्हा.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, पापण्या मिटून ठेवतो, बघणाऱ्याला कळणारही नाही. तेव्हा काकांनी दुसरं काढलं. "बयनीनं तोंड बघितल्याबिगर हात लावायचा नाय. ती खालापुराकडनं निघालीय. आमची रीत हाय."

"अहो काका, आत्याला दिसतं का?"

"दिसू नायतर नको दिसू. रीत ती रीत."

ओटीवर भावकीतली वीस माणसं बसली होती. एकही हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांना चहा दिला. चहाला आमच्याकडे कधी कोणाची हरकत नसते. घरात एकमत नाही तर मी हात लावणार नाही, असं ते म्हणाले, तरीही बराच वेळ थांबले, दोनदा घड्याळ बघितलं आणि बर्फाची पेटी उचलून निघाले. त्यांच्या जीपची धूळ बसेपर्यंत मी काकांना तोंडाला येईल ते बोलले. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

आत्या आली ती दिवेलागणीला, दिराच्या पोराचा हात धरून, एसटी बदलत. बायकांनी गळा काढला. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं, वडिलांच्या उशाशी बसली आणि हातानं त्यांचं तोंड बघायला लागली. कपाळ, नाक, मिशा. बोटं पापण्यांवर आली आणि तिथेच थांबली. खालचा डोळ्याचा गोळा तिला लागला असावा.

"डोळं नाय नेलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही आत्या."

"का गं?"

मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "तू तोंड बघायची व्हतीस. तुझ्यासाठी थांबलो."

आत्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "माझ्यासाठी?" ती म्हणाली. "दादा, माझ्यासाठीच तर देणार व्हता रं त्यो."