ड्रीका ओमाला कड्यावर जायचं होतं

मे उजाडला, आमच्याकडे हिवाळा सुरू होतो तो महिना, उन्हाची धग उतरली आणि सकाळी पत्र्यावरून गार वारा फिरू लागला, की ड्रीका ओमा शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवायची आणि म्हणायची, "रोझिना, यंदा जाऊ या."

कुठे, ते विचारावं लागत नसे. कीटमानसहूपच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फिश नदीच्या दरीवर, तिथल्या कड्यावर.

ओमा, म्हणजे आजी, ही आमची शेजारीण. नात्याची नव्हे, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी तीच बसली होती, तेव्हा नातं आणखी काय वेगळं असतं? ती रंगीत तुकडे जोडून बायकांचे ठिगळांचे झगे शिवायची. चर्चमध्ये रविवारी जेवढे रंग दिसायचे, त्यातले निम्मे तिच्या यंत्राखालून गेलेले. तोंडात टाचण्या धरून ती बेत सांगायची. माझा नवरा टिमोथेउस, त्याच्या पिकअपमधून जायचं. गुडघ्यांमुळे ओमा पुढे बसणार, मी मागे घोंगड्यांत. निखाऱ्यावरचे पाव आदल्या संध्याकाळी भाजायचे. बकरीच्या बरगड्या मीठ लावून घ्यायच्या. सेहाइमच्या पुलापाशी थांबून चहा करायचा, तिथे सावली आहे. आणि कड्यावर टोपी घालायची नाही, फडकं घट्ट बांधायचं.

"तिथला वारा टोपी नेतो," ती म्हणायची. "आणि दरीत गेलेली टोपी आणायला कोण उतरणार? टिमो?"

"ओमा, दरी काय पळून जाणार आहे?" टिमो म्हणायचा. "पुढच्या महिन्यात जाऊ."

"दरी नाही पळत रे. तुझ्या गाडीची चाकं पळतात. गाडी मागे राहते, तेवढं बघ."

आणि दर वर्षी काहीतरी निघायचंच. एका वर्षी गिअर गेला. एका वर्षी टिमोची आई वारली. एकदा अवेळी पाऊस झाला आणि लोवेन नदीने रस्ता कापला. एकदा तर आम्ही खरंच निघालो होतो. गावाबाहेर आलो, तर मागून एक बाई धावत आली. लेकीचं लग्न त्या शनिवारी आणि झग्याची एक बाही शिवायची राहिलेली. ओमा उतरली आणि बाही शिवली. पाव आम्ही ओमाच्या अंगणातच खाल्ले.

तिचा नवरा पाउलुस रेल्वेत होता. तो जिवंत असताना म्हणायचा, "दगड बघायला इतक्या लांब कशाला? आपल्या दाराशी काय कमी आहेत?" ओमा त्याला उत्तर द्यायची नाही. मला मात्र तिने एकदा सगळं सांगितलं होतं.

तिचे वडील त्या कड्याजवळच्या एका फार्मवर मेंढ्या राखायचे. थोरला भाऊ झाकेउस त्यांच्या हाताखाली. मिसरूड नुकतंच फुटलेलं, शीळ घालण्यात पटाईत. एका हिवाळ्यात कोल्ह्यांनी कोकरं नेली आणि मालकाने खापर झाकेउसवर फोडलं. सगळ्यांदेखत पट्ट्याने मारलं. सकाळी पोलिसांकडे देतो म्हणाला. तेव्हाचे दिवस तसेच होते. गोऱ्या मालकाच्या चिठ्ठीशिवाय आपल्या माणसाला फार्म सोडता येत नसे, आणि रस्त्यावर मालकाची लॉरी फिरायची. मोकळी वाट एकच. दरीत उतरायचं आणि नदीचं पात्र धरून दक्षिणेला, सरहद्दीकडे चालत राहायचं.

फटफटायच्या आत वडील त्याला घेऊन निघाले. पिठाची पिशवी ड्रीकाकडे. आई घरीच थांबली, कारण रोजच्या वेळी चुलीचा धूर दिसला नसता तर मालकाला संशय आला असता. "आईला निरोपसुद्धा देता आला नाही," ओमा म्हणाली होती. "ती शेणी फुंकत बसली. डोळ्यांतून पाणी येतं ते धुराचं, असं म्हणायची सोय होती, एवढंच."

कड्यावरून झाकेउस खाली उतरला. ड्रीका पोटावर पडून बघत होती. आधी माणूस दिसत होता, मग बकरीएवढा झाला, मग मुंगीएवढा. नदी जिथे वळते तिथे तो थांबला, मागे वळला, हात वर केला. मग खडकाआड गेला. वडील ऊन वर येईपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "चल. मेंढ्या वाट बघतायत."

त्यानंतर त्याची काही खबर आली नाही. आई वाट बघत गेली, पुढे वडील गेले. फार्म विकला गेला आणि ओमा लग्न होऊन गावात आली. पण मे महिना आला की तिच्या मनात ती सकाळ उभी राहायची. मला ती म्हणायची, "मला फक्त तिथे एकदा पडून बघायचंय. त्या वळणाकडे."

तीन वर्षांपूर्वी जुलैत सगळं जुळून आलं होतं. पिकअपला नवी बॅटरी होती. गल्लीत लग्न नव्हतं, मयत नव्हतं. शनिवार ठरला. आणि त्याच आठवड्यात सरहद्दीपलीकडच्या स्टाइनकोफचे एक पाद्री आमच्या चर्चमध्ये आले. ओमाचं माहेरचं आडनाव ऐकून म्हणाले, "रोई? आमच्याकडेही एक रोई आजोबा आहेत. झाकेउस रोई. म्हणतात, मी सरहद्दीच्या नदीपलीकडच्या मेंढपाळांचा."

ओमा बाकावर बसली ती उठेचना. पाद्र्यांनी तिथूनच फोन लावून दिला. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "आईच्या चुलीशेजारी काय होतं?"

 पलीकडून एक घोगरा आवाज म्हणाला, "तुझा कोपरा. तिथे कुणाला बसू देत नव्हतीस."

शनिवारी दरी राहिली बाजूला, आम्ही सगळे गाडीतळावर. प्रवासी गाडीतून एक बुटका म्हातारा उतरला. कोट मोठा, डोक्याला लोकरी टोपी. ओमाने सगळ्यात चांगला झगा घातला होता. तो तिच्यापुढे उभा राहिला, खालून वरपर्यंत बघून म्हणाला, "सस्सी, तू इतकी म्हातारी कशी झालीस?"

"तुझी वाट बघत, बूटी. बसून बसून झाले."

मग दोघं हसत राहिली आणि हसता हसता ओमाने त्याच्या कोटाची बाही अशी घट्ट धरली की घरी येईपर्यंत सोडली नाही.

दरीसाठी भाजलेले पाव त्या दिवशी पाहुण्यांनी खाल्ले. झाकेउस ओपा, म्हणजे आजोबा, बोलका. तांब्याच्या खाणीत राबला, मग पोर्ट नोलोथला समुद्रातून हिरे काढणाऱ्या बोटींवर गेला. बायको वारली, मुलं, नातवंडं स्टाइनकोफला, म्हणून आता तिथेच. लिहिता येत नव्हतं. एकदा लॉरीवाल्याकडून निरोप धाडला होता, तर उत्तर आलं की त्या फार्मवर रोई कुणी उरले नाहीत. "मी समजलो, सगळे गेले," तो म्हणाला. "मग घराकडे तोंड करून झोपायचं सोडलं."

कुणीतरी म्हणालं, "ओपा, दरीतून चालत जाताना भीती नाही वाटली?"

"कुठली दरी?" ओपा म्हणाला. "मी लॉरीतून गेलो. कातड्यांची लॉरी होती. दोन दिवस अंगाचा वास गेला नाही."

ओमाने हातातला कप खाली ठेवला. "बूटी, तू कड्यावरून उतरलास. बाबा होते. मी होते."

"तू लहान होतीस, सस्सी. स्वप्न पडलं असेल."

"पिठाची पिशवी मी धरली होती."

"पीठ असेल," तो समजुतीने म्हणाला. "पीठ होतं, ते आठवतंय. पण लॉरीच होती ती."

लोक हसले. जो गेला तोच सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? ओमाही हसली, पण उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी स्वच्छ होती, मी बघितली ना.

त्यानंतर चार-पाच दिवस तिने दरीचं नाव काढलं नाही. भावाला खाऊपिऊ घालत होती, पाय चोळून देत होती. टिमो म्हणाला, "बरं झालं ओमा, दरीचं काम आता उरलं नाही. भाऊच घरी आला."

तिने दाताने दोरा तोडला. "भाऊ आला रे. तो गेलेला पोरगा नाही आला." आणि थोड्या वेळाने, यंत्रावरून मान न उचलता, "शनिवारी गाडी काढ."

ओपा आधी तयार नव्हता. "दगड आणि वारा. काय बघायचंय?"

"तू गाडीत बस," ओमा म्हणाली. "दगड मी बघीन."

पहाटे निघालो. सेहाइमला चहा झाला, पण ओमाला तिथे बसवेना. दरीच्या अलीकडे होबासच्या फाटकावर नावं लिहून घेतली आणि पुढचा खडबडीत रस्ता संपला तिथे जमीनच संपली.

छप्पर घातलेला एक ओटा होता. परदेशी पाहुणे फोटो काढत होते. ओमा फडकं बांधून गेली, उभी राहिली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी तिचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं ऐकलेली जागा, मला वाटलं आता ती रडेल. ती म्हणाली, "ही नव्हे."

आम्ही कड्याकडेने उत्तरेला चालू लागलो. वारा झग्यात शिरत होता. ती थांबायची, खाली बघायची, मान हलवायची, पुढे जायची. एका सपाट खडकाशी ती खाली बसली, मग हातांवर टेकून आडवी झाली, पोटावर. तिच्या वयाला ते सोपं नव्हतं. मी तिचा घोटा धरून बसले. खाली, फार खाली, नदीची डबकी हिरवी दिसत होती आणि पात्र एका काळ्या डोंगराला वळसा घालून नाहीसं होत होतं.

ती हनुवटी खडकावर टेकवून त्या वळणाकडे बघत राहिली. 

मागे खडी वाजली. ओपा काठी टेकत आला होता, टिमो त्याचा कोपर धरून. तो तिच्याशेजारी बसला. बराच वेळ बघत राहिला.

"आठवतं?" ओमाने विचारलं.

"नाही, सस्सी." आवाजात थट्टा नव्हती. "खरंच नाही. लॉरीच आठवते. लॉरीच्या आधीचं सगळं जणू कुणी पुसलंय. पट्टा आठवतो, मग लॉरी."

टिमो हळूच म्हणाला, "खालून गेले असतील, आणि पुढे कुठेतरी लॉरी मिळाली असेल." तसंही असेल. कोण सांगणार.

ओपा खाली बघत म्हणाला, "मी कुठून उतरलो?"

तिने बोट दाखवलं. "त्या फटीतून. तुझा पाय घसरला, बाबांनी श्वास आत घेतला. मग तू वाळूवर गेलास. पिशवी डोक्यावर घेतलीस."

"मग?"

"मग चालत गेलास. बाबा शीळ घालत होते, तू उलट घालत होतास."

"तुम्ही लगेच गेलात का?"

"कुठले? ऊन इथे खडकावर आलं तरी होतो. मला तहान लागली होती, बाबा हलेनात."

 म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. वाऱ्याने ती नेली असती, मी झेप घालून धरली, पण त्याचं लक्ष नव्हतं. "मला आयुष्यभर वाटायचं," तो म्हणाला, "मी निघालो तेव्हा कुणी दाराशीसुद्धा आलं नाही. कातड्यांच्या ढिगात पडून तेच मनात यायचं." मग जरा थांबून, "मी मागे वळून बघितलं का?"

"त्या वळणावर. हात वर केलास."

"बरं केलं," तो म्हणाला, जणू दुसऱ्याच कुणा पोराबद्दल बोलत होता. "पुन्हा सांग. पाय घसरला तिथपासून."

ओमा पुन्हा सांगू लागली. टिमो आणि मी गाडीकडे आलो, चहा ठेवला, बरगड्या भाजल्या. ती दोघं उन्हं कलली तेव्हा आली, आणि दोघांनाही सडकून भूक लागली होती.

ओपा महिनाभर राहून परत गेला. नातवंडांशिवाय त्याला करमेना. दर रविवारी चर्च सुटल्यावर त्याचा फोन येतो. ओमा स्पीकर लावते, म्हणून मलाही ऐकू येतं. तो बोटींचं सांगतो. पोर्ट नोलोथला सकाळी धुकं इतकं दाट असतं की पुढची बोट दिसत नाही, माणसं एकमेकांना हाका मारून ओळखतात. ओमाने समुद्र कधी पाहिलेला नाही.

या मे महिन्यात तिने यंत्राचं चाक थांबवलं. "रोझिना, पोर्ट नोलोथला जायला सरहद्दीवर कुठले कागद लागतात गं?"

"ओमा, ते केवढं लांब आहे, माहीत आहे?"

"म्हणून तर आत्तापासून विचारते. आणि टिमोला सांग, चाकं बघून ठेव. यंदा सगळी बरोबर यायला हवीत."